ओपलची चौथी बाजू

"आणि लग्न झाल्या झाल्या तुम्ही तिला मारलंत ना, मिस टॅकेट, तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो!"

गॅस्किल हे असं म्हणाला आणि व्हर्लीनच्या हातातला कॉफीचा कप तिथेच थांबला, ना तोंडाकडे ना बशीकडे. लग्न झाल्या झाल्या? कुणी मारलं? कुणाला?

म्हणजे बघा, गाणी तिचीच होती. चांगली दोन तबकड्या भरून, चार बाजू, अठरा गाणी. अख्खा संच तिच्या आईवर, नावसुद्धा आईचंच, ओपल. आई फेरीबोटीतून नदी ओलांडून येते, बोटवाल्याच्या प्रेमात पडते, लग्न करते, ही पहिली बाजू. मग दुसरीवर संसार, स्वयंपाकघर, कुत्र्याच्या नावानं आरडाओरडा. तिसरीवर मोठी झालेली मुलगी भांडून घर सोडते, आणि चार महिने आईशी एक शब्द बोलत नाही, आणि मग माफी मागते. आणि चौथीवर आई जाते. संपलं. ह्या क्रमानं व्हर्लीननं ते लिहिलं, ह्याच क्रमानं गायलं, आणि ह्या क्रमासाठी तिनं आणि तिच्या मावसभावानं, ड्वाइटनं, अख्खं एकाहत्तर साल घालवलं. आणि आता सिनसिनाटीतल्या चौथ्या मजल्यावर, ज्याच्या एका होकारावर रेकॉर्ड देशभर जाणार तो माणूस डोळे पुसत सांगतोय की लग्नानंतर लगेच बाई मेली!

"म्हणजे मी तर अजून विचार करतोय की आता संसार बघायला मिळणार," गॅस्किल टेबलावर हात आपटत म्हणाला. जाडजूड माणूस, टाय सैल केलेला, आणि बोलताना सारखा उठ-बस करणारा. "पहिल्या बाजूला ते दोघं नदीवर, चांदणं, नवरीचे बूट हातात. मी तबकडी उलटली. आणि पहिलंच गाणं काय, तर डॉक्टर पायऱ्या उतरून खाली येतोय आणि काही बोलत नाहीये! अहो, माझ्या अंगावर काटा आला! चार गाण्यांत तुम्ही बाईला पुरलंत. मी म्हटलं, आता ही मुलगी उरलेल्या दुसऱ्या तबकडीवर गाणार तरी काय? रडणार? आणि दुसरी लावली तर..."

"तर?" व्हर्लीननं विचारलं.

"तर ती जिवंत! भांडी आपटतेय, कुत्र्याला शिव्या देतेय! जिला मी आत्ता दहा मिनिटांपूर्वी पुरून आलो ती बाई ओरडतेय की ह्या हँकला घरात कुणी घेतलं! मी हसलो, मिस टॅकेट, आणि हसता हसता रडलो. मरण मधे आणि जगणं नंतर. असं कुणी केलंय? मला सांगा, कुणी केलंय?"

कुणीच केलं नव्हतं. तिनंही नव्हतं केलं!

आणि तेव्हा तिची नजर खिडकीखालच्या त्या यंत्रावर गेली. चपटं, चंदेरी, काचेचं झाकण. एका वेळी एकच तबकडी. मधे उंच दांडा नाही, वर धरून ठेवणारा हात नाही, काही नाही. गॅस्किलनं तबकडी लावली, संपल्यावर उलटली, मग दुसरी लावली, ती उलटली. कुणीही शहाणा माणूस तेच करील. पण त्या तबकड्या अशा एकेक करून उलटण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या!

"गुरुवारी सही करू," गॅस्किल म्हणाला. "वसंतात बाजारात. माझी एकच अट. क्रम बदलायचा नाही. तो क्रम हलवलात तर मला नको ती रेकॉर्ड."

ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? टोपी घेतली, कोट उलटा घातला, आणि जिन्यानं खाली आली.

खाली ट्रकमध्ये ड्वाइट बोलोना सँडविच खात बसला होता. ड्वाइट म्हणजे बास गिटार वाजवायला, ट्रक चालवायला आणि अकलेचे तारे तोडायला. दिवसा तो नदीअलीकडच्या एका छोट्या रेकॉर्ड छापण्याच्या कारखान्यात प्रेसवर असायचा, आणि ह्या नमुन्याच्या तबकड्या त्यानंच एका शनिवारी स्वतःच्या हातानं दाबून काढल्या होत्या, पांढरीफटक लेबलं लावून.

"काय म्हणाला? नाही म्हणाला ना? तुझा चेहराच सांगतोय. जाऊ दे व्हर्ली, असल्या टायवाल्यांना..."

"हो म्हणाला."

"मग रडतेस कशाला, बये?"

"ड्वाइट, पहिल्या तबकडीच्या मागे काय आहे?"

"काय म्हणजे? चौथी बाजू."

"आणि दुसरीच्या मागे?"

"तिसरी. एक-चार, दोन-तीन. दोन तबकड्यांचा संच असाच निघतो आमच्याकडे, माझा म्हातारा तिथे कामाला होता तेव्हापासून." त्यानं दोन्ही हातांचे पंजे एकावर एक ठेवून दाखवले, मोहरी लागलेले. "दोन्ही तबकड्या दांड्यावर चढवायच्या. खालची पडते, एक वाजते. वरची तिच्यावर पडते, दोन वाजते. मग अख्खा गठ्ठा उचलून उलटा करायचा आणि परत दांड्यावर. तीन, चार. माणसाला एकदाच उठावं लागतं. हे काय तुला सांगायला पाहिजे? मावशीच्या त्या कपाटाएवढ्या रेडिओग्रामवर आपण लहानपणापासून..." आणि तो थांबला. सँडविच हातात, तोंड उघडं. "नाही."

"हो."

"त्याच्याकडे गठ्ठा लावायचं यंत्र नाही?"

"नाही."

"त्यानं उलटली?"

"उलटली. तू लेबलावर पेन्सिलीनं एक आणि दोन लिहिलंस, ते त्याला वाटलं तबकडीचे नंबर. मागच्या बाजूंना तू काहीच लिहिलं नाहीस, ड्वाइट!"

"अगं कशाला लिहू? सगळ्यांना माहीत असतं!" आणि मग ते त्याच्या नीट डोक्यात शिरलं, आणि त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तो असा हसायला लागला की ट्रक हलला. "म्हणजे त्यानं मावशीला लग्नाच्या रात्रीच... आणि मग ती उठून हँकच्या नावानं... अरे देवा!"

"हसू नकोस! त्याला तेच आवडलंय! तेवढंच आवडलंय!"

आता गंमत बघा, ड्वाइट म्हणाला की गप सही कर, आणि व्हर्लीन म्हणाली की आत्ताच्या आत्ता वर जाऊन खरं सांगते, आणि पूल ओलांडून केंटकीत येईपर्यंत दोघं ह्यावरच भांडत होते. ड्वाइटचं म्हणणं, लोकांना आवडतंय ना, मग झालं. व्हर्लीनचं म्हणणं, आई शेवटी गेली. मधे नाही गेली. शेवटी गेली, आणि गेली ती गेली, आणि ज्याला ते ऐकवत नसेल त्यानं ऐकू नये.

"म्हणजे तुझ्या डॅडींनी, हार्लनकाकांनी?" ड्वाइट म्हणाला.

तिनं ट्रकची काच खाली केली आणि परत वर केली.

खरी गोम तिथेच होती. ही रेकॉर्ड देशानं ऐकली काय, नाही ऐकली काय, तिला एका माणसाला ऐकवायची होती, आणि तो माणूस अर्धीच ऐकायचा. डॅडी. दोन महिन्यांपूर्वी तिनं नमुना घरी नेऊन दिला तेव्हा म्हाताऱ्यानं काही न बोलता दोन्ही तबकड्या दांड्यावर चढवल्या. पहिली वाजली, मांडीवर ताल धरला. दुसरी पडली, कुत्र्याचं गाणं लागलं, मोठ्यांदा हसला. आणि मग गठ्ठा उलटायची वेळ आली तेव्हा उठला, झाकण लावलं, आणि बोटीचं इंजिन बघायला निघून गेला. नंतर जितक्या वेळा ती गेली तितक्या वेळा तेच. एक, दोन, झाकण बंद. खालच्या अंगाला काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि तो उठून गठ्ठा उलटायचाच नाही. आणि तिसरी बाजू, जिच्यात व्हर्लीन आईची माफी मागते, ती त्याच अंगाला होती, चौथीला चिकटून.

आई जायच्या चार महिने आधी तिनं नर्सिंगची शाळा सोडली होती, गाण्यासाठी. आई म्हणाली, गाण्यानं चूल पेटते का. व्हर्लीन म्हणाली, तुझ्यासारखं चुलीपुढे कुजण्यापेक्षा उपाशी मरेन. आणि दार आपटलं. मग फेब्रुवारीत डॅडींचा फोन आला आणि ती पोचली ती दुसऱ्या दिवशी, आई गेल्यावर. डॅडींनी तिला ओट्याशी उभं करून सांगितलं, माझा हात हातात होता पोरी, तुझं नाव घेतलं, म्हणाली व्हर्लीनला सांगा, मी रागावले नाही. एवढ्या एका वाक्यावर व्हर्लीन दोन वर्षं जगली होती. चौथ्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे तेच वाक्य.

"ट्रक थेट डॅडींकडे घे," ती म्हणाली.

"आता? का?"

"मला एकदा त्या टायवाल्यासारखं ऐकायचंय. आणि डॅडींनाही."

"व्हर्ली, तो म्हातारा आपल्याला बोटीवरून नदीत ढकलेल."

दुपारी तीनच्या सुमाराला ते कूपर्स लँडिंगला पोचले. हार्लन टॅकेट जेवून टेबलाशीच बसला होता, समोर बीन्सचं रिकामं ताट आणि ताकाचा ग्लास, आणि हँक त्याच्या बुटांवर मान टाकून. पुढच्या खिडकीतून नदी आणि धक्क्याला बांधलेली बोट दिसत होती. त्याची खुर्ची कायम त्या खिडकीकडेच. पलीकडच्या काठावर कुणी गाडी आणून हॉर्न दिला की तो निघायचा, ताट असो, झोप असो, काही असो. चाळीस वर्षं हेच.

"झालं का तुमचं शहरात?" त्यानं विचारलं. "कॉर्नब्रेड आहे तव्यात. ड्वाइट, तू सगळा खाऊ नकोस."

"कंपनीनं घेतली, डॅडी. रेकॉर्ड."

"घेतली?" तो एकदम ताठ बसला. आनंदानं नव्हे हं. कुणी अंगावर पाणी टाकावं तसा. "सगळी घेतली?"

"सगळी."

"म्हणजे... खालच्या बाजूसकट?"

"हो डॅडी. खालच्या बाजूसकट."

तो उठला, ग्लास बेसिनमध्ये ठेवला, परत उचलला, परत ठेवला. व्हर्लीनला वाटलं, दुःख आहे. साहजिक आहे. मग तिनं रेडिओग्रामचं झाकण उघडलं आणि एकच तबकडी ठेवली. एकच! दुसरी टेबलावर. डॅडी बघतच राहिले.

"दुसरी चढव की वर."

"नाही. आज एकेक."

"अशी लावत नाही कुणी."

"शहरात लावतात. बसा डॅडी. फक्त आजच्या दिवस. तुम्हाला उठायचं नाहीये, मी उलटीन."

डॅडी बसले. पहिली बाजू वाजली, नदी, चांदणं, नवरीचे बूट, आणि म्हाताऱ्याची बोटं मांडीवर चालायला लागली, कारण त्याला वाटलं पुढे आता कुत्रा, मग झाकण. व्हर्लीननं सुई उचलली, तबकडी उलटली, सुई ठेवली.

डॉक्टर पायऱ्या उतरून खाली आला.

अहो, त्या माणसाचा चेहरा! तो दचकला असं म्हणणं म्हणजे काहीच नाही. दोन्ही हातांनी त्यानं टेबलाची कड धरली, आणि हँक बुटांवरून उठून दारापाशी गेला. ड्वाइटनं तोंडात घातलेला कॉर्नब्रेडचा तुकडा चावायचंच सोडून दिलं. व्हर्लीनला वाटलं, थांबवावं. नाही थांबवलं. दुसरं गाणं, तिसरं गाणं. आणि मग शेवटचं. हात हातात. व्हर्लीनला सांगा. मी रागावले नाही.

"बंद कर ते," हार्लन म्हणाला.

"डॅडी, एवढं एकच..."

"बंद कर म्हणतोय ना!"

एवढ्या मोठ्या आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, नदीपलीकडच्या माणसाशीसुद्धा नाही. पण तोवर गाणं संपलंच होतं आणि सुई नुसती खरखरत होती. व्हर्लीननं ती उचलली आणि तबकडी काढून हातात घेतली. आणि ती म्हणाली, "मला माहीत आहे तुम्हाला सहन होत नाही. पण ते तुमचेच शब्द आहेत, डॅडी. तुम्हीच सांगितलेले."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

म्हातारा नदीकडे बघत राहिला. "मी नव्हतो तिथे."

कुणाला काही कळलंच नाही. ड्वाइट म्हणाला, "कुठे नव्हतात, काका?"

"वर. खोलीत. तिच्यापाशी." तो एकेक शब्द असा काढत होता जसा हातातला काटा काढावा. "सकाळपासून बसलो होतो. डॉक्टर खाली येऊन गेला, तो काही बोलला नाही, बोलायची गरजच नव्हती. आणि पलीकडून हॉर्न आला. मी म्हटलं, ओपल, पंधरा मिनिटांत येतो. ती झोपलेली होती. मी गेलो. गाड्या घेतल्या, आणल्या, दोर बांधला, वर आलो. आणि ती गेली होती."

व्हर्लीन उभीच होती. हातात ती तबकडी, अंगठा थेट रेघांवर, जे ती जन्मात कधी करायची नाही.

"मग हात?"

"नव्हता धरला."

"माझं नाव?"

"नाही पोरी."

"ती म्हणाली की रागावले नाही..."

"ते मी म्हणालो. तू दारातून आलीस, पावसात भिजलेली, आणि तुझं ते तोंड बघून... मला वाटलं घरातल्या घरात राहील. माणूस पोरीला एक गोष्ट सांगतो. मला काय माहीत तू त्याचं गाणं करशील! आणि मग ते ह्या असल्या तबकडीवर येईल! दोन महिने झाले, मी रोज ह्या पेटीकडे बघतो. उठायचं, गठ्ठा उलटायचा आणि स्वतःच्याच थापा ऐकायच्या, तुझ्या आवाजात. माझ्या पायांत बळ नाही तेवढं. आणि आज तू येऊन सांगतेस की आता सगळा देश ऐकणार."

बघा म्हणजे, दोन वर्षं! दोन वर्षं ती समजत होती की आईनं माफ केलं, आणि म्हातारा दुःखी आहे म्हणून ऐकत नाही. आणि आईनं काहीच म्हटलं नव्हतं. काहीच नाही!

ड्वाइटनं काय केलं असेल? घाबरला की त्याचे हात काहीतरी करायला लागतात. त्यानं टेबलावरची दुसरी तबकडी उचलली आणि यंत्रावर ठेवली. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. आणि ओपल ओरडली की ह्या हँकला घरात कुणी घेतलं. भांडं आपटलं. दारापाशी बसलेला खरा हँक कान टवकारून उठला.

"ड्वाइट, मूर्खा!" व्हर्लीन किंचाळली.

"राहू दे," हार्लन म्हणाला. "राहू दे. वाजू दे."

मग वाजलं. संसार वाजला, स्वयंपाकघर वाजलं, बोटीवर ओपलनं एका प्रवाशाला छत्रीनं मारलं ते वाजलं. आणि कुणी न सांगता, बाजू संपल्यावर, तो म्हातारा उठला. स्वतः उठला. जाड बोटांनी तबकडी उलटून ठेवली, सुई दोनदा घसरली त्याच्याकडून. तिसरी बाजू लागली, जी त्यानं कधीच ऐकली नव्हती, आणि तो बसला नाही, यंत्राला टेकून उभ्यानंच त्यानं सगळी ऐकली. दार आपटलेलं. चार महिने. आणि मग मुलगी म्हणते की मी चुकले, मम्मा, तू कुजत नव्हतीस, तू आम्हाला रांधून घालत होतीस, आणि उत्तर येत नाही. नुसती गिटार.

ड्वाइटनं सुई उचलली.

"ती रागावलेलीच होती," हार्लन म्हणाला. "दुसऱ्यांदा खोटं नाही बोलणार मी. चार महिने तुझं नाव काढू देत नव्हती घरात. मी काढलं तर ताट उचलून न्यायची समोरचं."

आणि व्हर्लीनला, तुम्हाला खरं नाही वाटणार, हसू फुटलं. रडत होती आणि हसत होती, कारण ती आईच होती की, हुबेहूब! मी रागावले नाही म्हणणारी बाई कुठली कोण, तिला व्हर्लीननं कधी बघितलंच नव्हतं. तरी तिनं तिच्यावर गाणं लिहिलं होतं. गाणं गिटारवर बसवतानासुद्धा एकदा शंका आली होती तिला, की आई असं बोलेल का, आणि तिनं ती शंका बाजूला सारली होती, कारण वाक्य गोड होतं.

"शेवटचं गाणं काढते मी," ती म्हणाली.

"काढ."

"त्याच्या जागी दुसरं लिहीन. हॉर्नचं. तुम्ही हो म्हणालात तरच."

ड्वाइट तव्यातला उरलासुरला कॉर्नब्रेड खरवडत होता, आवाज न करायचा प्रयत्न करत, आणि तो आवाज होतच होता.

"लोक म्हणतील, बायको मरत होती आणि हा गाड्या ने-आण करत होता," हार्लन म्हणाला.

"म्हणतील."

"खरंच आहे ते." मग तो म्हणाला, "पण ते शेवटी नको ठेवूस."

"म्हणजे?"

"आज लावलंस तिथे ठेव. लग्नाच्या मागे. शेवटी ठेवलंस, गठ्ठ्याच्या खालच्या अंगाला, तर माझ्यासारखे उठणारच नाहीत. झाकण लावतील आणि इंजिन बघायला जातील. मला ठाऊक आहे ना."

आणि ड्वाइट, तोंड भरलेलं, मधेच म्हणाला, "पण काका, जुन्या यंत्रावर लोक गठ्ठाच लावणार. मी लेबलावर काहीही नंबर छापले, अगदी एक-दोन, तीन-चार छापले, तरी तुमच्यासारखी माणसं दोन्ही दांड्यावर चढवणार, आणि मावशी परत शेवटीच जाणार. त्याच तबकड्या! नव्या यंत्रावर मधे मरणार आणि जुन्यावर शेवटी!" आणि हे बोलल्यावर तो स्वतःच डोळे विस्फारून त्या तबकड्यांकडे बघायला लागला, जणू त्या त्यानं दाबल्याच नव्हत्या.

व्हर्लीननं भिंतीवरचा फोन उचलला आणि सिनसिनाटी लावलं. गॅस्किल अजून ऑफिसात होता. तिनं श्वास न घेता सगळं सांगितलं, एक-चार, दोन-तीन, पेन्सिल, सगळं.

"थांबा," गॅस्किल म्हणाला. "म्हणजे मी... म्हणजे ते तुम्ही केलंच नव्हतं? मी अख्खा आठवडा ह्या मजल्यावरच्या प्रत्येकाला बोलावून सांगतोय!"

"नव्हतं केलं. पण आता करतेय. दोन गोष्टी आहेत, मिस्टर गॅस्किल. एक गाणं बदलणार. आणि लेबलावर बाजूच्या नंबराखाली छापायचं, एका वेळी एकच तबकडी लावा. मोठ्या अक्षरात. नाहीतर गुरुवारी मी येत नाही."

"कुठलं गाणं? जे मला सगळ्यात आवडलं ते नका सांगू."

"हात हातातलं."

गॅस्किलच्या तोंडून एक शिवी गेली, मग त्यानं माफी मागितली, मग विचारलं, "का हो? काय झालं त्या गाण्याला?"

"ते खोटं होतं."

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी त्याच्यावरच रडलो होतो."

"मीपण," व्हर्लीन म्हणाली. "दोन वर्षं. नवं ऐकवते, मग ठरवा."

"गुरुवारी?"

"गुरुवारी."

तिनं फोन ठेवला आणि लगेच टेबलाशी बसली, पेन्सिल घेऊन, बिलाच्या पाठीवर. ड्वाइटनं गिटार आणायला ट्रककडे धाव घेतली. हार्लन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता, चष्मा कपाळावर, आणि ती लिहीत होती: पलीकडून हॉर्न वाजला, आणि तीन मोटारी उभ्या होत्या.

"तीन नव्हत्या," तो म्हणाला.

"किती होत्या?"

"दोन मोटारी आणि दुधाचा ट्रक. आणि हॉर्न दोनदा वाजला, पोरी. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी उठलो नव्हतो. तेही लिही."